सतरावी ओळ

ब्राँक्स, ३ फेब्रुवारी २०१८

वेन्डेल,

काल तुला फोन केला. तू उचललास, अर्धं मिनिट श्वास घेतलास, "ह... हो" म्हणालास आणि ठेवून दिलास. समोरासमोर मुका आणि कागदावर वकील, असा एकच मावसभाऊ देवाने मला दिला, म्हणून मी कागद घेऊन बसले आहे.

बातमी तुला कळली असेलच. आपले रॅपवाले 'लास्ट स्टॉप' परत एकत्र आले. एकोणीस वर्षांनी. आपल्या गल्लीतली तीन पोरं, आता तिघांचीही पोटं सुटलेली, पण तिघंही जिवंत आणि तिघंही एका खोलीत. ग्रॅव्हल, डीकन आणि गाण्यांच्या तबकड्या फिरवणारा नीडल. ऑक्टोबरमध्ये अल्बम येतोय आणि त्यात 'कॅमल कोट' नव्याने गाणार, असं जाहीर झालं. मी त्या दिवशी दोन थांबे न थांबता बस पुढे नेली. लोकांनी दोरी ओढली तरी मला ऐकू गेलं नाही.

आणि मग शनिवारी सकाळी रेडिओवर ग्रॅव्हल काय बोलला ते ऐक. म्हणे, 'कॅमल कोट'मधलं माझं कडवं मी लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याचं नाव छापलं जाईपर्यंत मी ते पुन्हा म्हणणार नाही. विचारणाऱ्याने विचारलं, कोणी लिहिलं? तर म्हणाला, ते मी सांगू शकत नाही, शब्द दिलाय.

वेन्डेल, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रॅप करणाऱ्याने दुसऱ्याचे शब्द म्हणणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दुसऱ्याची कवळी घालून हसण्यासारखं आहे ते. पण माझा राग त्याच्यासाठी नाही. माझा राग आहे कारण तो खोटं बोलतोय, आणि माझ्या क्लिफ्टनवरून खोटं बोलतोय.

तू तिथे होतास. पपांच्या धुलाईच्या दुकानातली पाटी तुला आठवते: पावती नाही तर कपडा नाही. सख्ख्या मुलालाही सूट नव्हती. क्लिफने कोट धुवायला टाकला, पावती माझ्याकडे ठेवली आणि तीन दिवसांनी दम्याने गेला, तोही नोव्हेंबरच्या थंडीत बिनकोटाचा. अंत्यदर्शनाच्या वेळी मी पेटीजवळ वाकले आणि पावती त्याच्या सुटाच्या वरच्या खिशात सरकवली. वेड्यासारखं वाटलं होतं मला, की पावती नसेल तर पपा कोट देणार नाहीत. ते मी कोणाला सांगितलं नाही. मम्मीलासुद्धा नाही. आणि चार महिन्यांनी रेडिओवर ग्रॅव्हलचा खरखरीत आवाज म्हणतो:

"पावती त्याच्या खिशात आहे, कोट त्यालाच द्या."

म्हणजे तो त्या गर्दीत होता. त्याने पाहिलं होतं. मागच्या सव्वीस नाताळांना मी त्या माणसाला न चुकता कार्ड पाठवलंय: 'त्या दिवशी आलात, आणि पाहिलंत, त्याबद्दल आभार. रोझलिन टेटम, क्लिफ्टनची बहीण.' आता तो म्हणतो की ते त्याचं नाहीच?

ओपलच्या सलूनमध्ये तर उघड युद्ध आहे. तिने केस वाळवायच्या खुर्च्यांच्या दोन रांगा केल्यात. डावीकडे ग्रॅव्हलवाल्या, उजवीकडे डीकनवाल्या. डीकन आता खरोखरच चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, झालाय, टोपणनावाने माणसाला गाठलं ते असं. त्याचं म्हणणं, एका कडव्याबद्दल हे कबूल केलं की लोक आपल्या सगळ्या गाण्यांकडे संशयाने बघतील, तेव्हा जुनंच ध्वनिमुद्रण ठेवा आणि तोंड बंद. नीडल म्हणतो, कोणी का लिहिलं असेना, त्या कडव्याला सोळाऐवजी सतरा ओळी होत्या म्हणून मी ठेका स्वतःच्या बोटांनी एका ओळीपुरता लांबवला, ती सतरावी ओळ राहणार. ती सतरावी का आहे यावर तर ओपलकडे गेली वीस वर्षं भांडणं चालू आहेत. जगात सगळे सोळा ओळी लिहितात. कोणी म्हणतं ती मेलेल्यासाठी एक जास्तीची. कोणी म्हणतं ग्रॅव्हलला मोजता येत नाही.

तू कोणाच्या बाजूचा? लगेच लिही. आणि 'दोघांचंही बरोबर' असलं काही लिहू नकोस.

रॉझ

—

ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलायना, १४ फेब्रुवारी २०१८
(हे पत्र टपालात टाकलं नव्हतं.)

प्रिय रॉझ,

ते मी लिहिलं.

हे एक वाक्य लिहायला मला अकरा दिवस लागले. दुकानात गिऱ्हाइकांचे केस कापताना मनात ते शंभरदा लिहून झालं. लोकांना वाटतं मी शांत न्हावी आहे, म्हणून ते लांबून येतात. त्यांना काय माहीत की आत किती बडबड चालू असते.

पेटीजवळ तुझ्या डाव्या बाजूला मी उभा होतो. तुझा हात त्याच्या खिशाकडे गेलेला मी पाहिला आणि मान वळवली. तेव्हा मी मावसोबांच्या दुकानात गल्ला सांभाळायचो. नंतर तीन महिने त्या गल्ल्यामागे बसून मी पावतीपुस्तकावर लिहीत होतो. बोलायला गेलो की पहिल्याच अक्षरावर अडकायचो, हे तुला ठाऊक आहे. कागद अडवत नाही.

फेब्रुवारीत ग्रॅव्हल धुतलेले कपडे न्यायला आला. तेव्हा तो फक्त हॉरेस होता, कोपऱ्यावरच्या इमारतीतला. परवा ध्वनिमुद्रण आहे आणि डोक्यात काही नाही, असं गल्ल्यावर डोकं टेकून म्हणाला. मी तो कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने वाचला, मग पुन्हा वाचला. नाव काय लावू, असं त्याने तीनदा विचारलं आणि मी तीनदा नकारार्थी मान हलवली, आणि कोणाला सांगायचं नाही असा शब्द त्याच्याकडून घेतला. मला एवढंच हवं होतं की ते कोणीतरी न अडखळता म्हणावं.

तुला तेव्हाच सांगायचं ठरवलं होतं. पण ज्या दिवशी ते रेडिओवर लागलं, तू दुकानात होतीस. मावसोबांनी इस्त्रीचं यंत्र बंद केलं. तू गल्ल्याची कड धरून ऐकलंस आणि म्हणालीस, "कोणीतरी पाहिलं, वेन्डेल. परक्या माणसाने पाहिलं." त्या दिवसापर्यंत तू चार महिन्यांत नीट जेवली नव्हतीस. त्या संध्याकाळी दोन वेळा वाढून घेतलंस. मग मी काय सांगणार होतो? की परकं कोणी नव्हतं, आपला वेन्डेलच होता?

आता तू खोटं बोलणाऱ्याला शोधते आहेस. तो मी आहे. ग्रॅव्हल नाही.

वेन्डेल

—

ऑरेंजबर्ग, १५ फेब्रुवारी २०१८

प्रिय रॉझ,

तुझं पत्र पोचलं. थंडी इथेही आहे, पण तुमच्यासारखी उद्धट नाही.

तू बाजू विचारलीस. मी डीकनच्या बाजूचा. जुनं ध्वनिमुद्रण छान आहे, त्याला हात कशाला लावायचा? ग्रॅव्हल पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. या वयात माणसांना कबुलीजबाब द्यायची हौस येते. गाणं एकदा लोकांच्या कानात गेलं की ते ऐकणाऱ्याचं. तुझ्यासाठी ते क्लिफचं आहे, तेवढं पुरे. सोडून दे हे सगळं.

माझ्या दुकानात परवा एक विशीतला मुलगा विचारत होता, 'लास्ट स्टॉप' म्हणजे बसचा थांबा का. मी त्याच्या मानेवरचे केस जरा जास्तच बारीक केले.

बस चालवताना दोरी ऐकत जा.

वेन्डेल

—

ब्राँक्स, ११ मार्च २०१८

वेन्डेल,

दक्षिणेत जाऊन तुझ्या डोक्याची लापशी झाली का? 'सोडून दे' हे तू मला सांगतोस? नव्वद साली त्यांच्या पहिल्या कॅसेटसाठी माझ्याबरोबर बर्फात चार तास रांगेत उभा राहिला होतास, तो तूच ना?

मी सोडलेलं नाही. उलट कामाला लागले आहे. ओपलच्या दुकानात दर रविवारी चर्चनंतर बैठक होते. डेपोतला फेल्टनही येतो, केस नाहीत तरी येतो. आम्ही यादी केली: त्या वर्षी गल्लीत लिहिणारं कोण कोण होतं. सात नावं निघाली. दोघं वारले, एक न्यू जर्सीत शाळामास्तर आहे आणि त्याने शपथेवर सांगितलं की त्याने आयुष्यात एकच कविता लिहिली, तीही कुत्र्यावर. ओपलने आठवं नाव सांगितलं. तुझं. सगळे इतके हसलो की उजव्या रांगेतल्या बाईचे केस वाळवायचे राहून गेले. फेल्टन म्हणाला, वेन्डेल रॅप लिहिणार असेल तर माझी बस ओपेरा गाईल. ओपल मात्र हसली नाही. ती जमैकन बाई हसतेच कमी.

तिकडे त्यांचं बिनसत चाललंय. डीकन ग्रॅव्हलशी बोलत नाही. निरोप नीडलमार्फत जातात, आणि नीडल म्हणतो मी डीजे आहे, पोस्टमन नाही. अल्बमची तारीख लटकली आहे. एका कडव्यासाठी सगळं मोडायला आलंय.

म्हणून मी ग्रॅव्हललाच पत्र टाकलं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहेच, सव्वीस कार्डं त्यावरच गेली. स्पष्ट लिहिलं की तुम्ही त्या दिवशी आला होतात, पाहिलं होतंत, आणि आता कोणाच्या दबावाने खोटं बोलताय?

आणि समजा, अगदी समजा, की तो खरं बोलतोय. तर ज्याने कोणी ते लिहिलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं, त्याने माझ्या भावाच्या खिशात हात घातला. परवानगी न घेता. तो माणूस समोर आला तर मी काय करीन ते मला माहीत नाही, पण त्याच्याशी आयुष्यात बोलणार नाही एवढं नक्की.

रॉझ

—

ऑरेंजबर्ग, २ एप्रिल २०१८

प्रिय रॉझ,

उत्तराला उशीर झाला. दुकानात ईस्टरची गर्दी होती. इथे ईस्टरला सहा वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना नवी मान लागते.

तू त्या माणसाशी कधीच बोलणार नाहीस म्हणालीस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू बोललीस की ते करतेस. फेल्टनशी तू पार्किंगच्या जागेवरून चार वर्षं बोलली नव्हतीस.

पण एक विचार कर. ज्याने लिहिलं तो चोर असता तर त्याने नाव लावून घेतलं असतं. काहीतरी मिळवलं असतं. कदाचित त्याच्याकडे दुसरी जागाच नसेल ते ठेवायला. असं एखाद्याचं होऊ शकतं. आणि सतराव्या ओळीवरून तुम्ही इतकी डोकी फोडताय. कदाचित कागदावर अठरावीला जागा नसेल, इतकं साधं असेल.

मी नुसतं म्हणतोय. ओपलला माझा नमस्कार सांग. ती न हसणारी बाई मला नेहमीच आवडते.

वेन्डेल

—

ब्राँक्स, २८ मे २०१८

वेन्डेल,

ग्रॅव्हलचं उत्तर आलं. सहा पानं, पेन्सिलीने. बरोबर बुटाचा एक खोका. खोक्यात माझी सव्वीस कार्डं, वर्षांप्रमाणे लावलेली, रबर घालून.

तो अंत्यदर्शनाला आला नव्हता. त्या आठवड्यात तो न्यूअर्कमध्ये मावशीकडे होता. त्याने लिहिलंय की पहिलं कार्ड आलं तेव्हा त्याला बरं वाटलं. पाचवं आलं तेव्हा त्याने ते उघडायला दोन दिवस लावले. नंतर दर डिसेंबरला तो टपालवाल्याला चुकवायला लागला. 'बाई,' असं लिहिलंय त्याने, 'तुम्ही ज्याचे आभार मानता तो मी नाही, आणि मला आता त्या जागेवर बसवत नाही. अल्बम गेला तरी चालेल.'

म्हणजे हे सगळं माझ्यामुळे. 'लास्ट स्टॉप'च्या भांडणाला मी जबाबदार आहे. डीकनला वाटतं ग्रॅव्हलला प्रसिद्धी हवी, रेडिओवाल्यांना वाटतं म्हातारचळ लागला, आणि खरं कारण म्हणजे एक बसवाली बाई दर नाताळला एक तिकीट चिकटवत होती. मी ज्यांच्यावर सर्वांत जास्त प्रेम केलं त्यांना मीच फोडलं.

आणि आता मला दुसरंच सतावतंय. तो नव्हता, तर पेटीजवळ होतं कोण? मम्मी खुर्चीत होती. पपा दारात पाहुण्यांना हात देत होते. माझ्या शेजारी तू होतास. तुझ्या मागे कोण होतं ते आठव. तू सगळं बघतोस, बोलत नाहीस, पण बघतोस. आठव आणि लिही.

पपांच्या दुकानाचं सामान ठेवलेली खोली पुढच्या महिनाअखेरीस रिकामी करायची आहे. चौदा खोकी आहेत. क्लिफचा कोट माझ्या कपाटात आहेच, तो सुखरूप आहे.

रॉझ

—

ऑरेंजबर्ग, ९ जून २०१८

प्रिय रॉझ,

माझ्या मागे कोणी नव्हतं.

सोबत एक पत्र आहे. त्यावर १४ फेब्रुवारी तारीख आहे, ती बरोबर आहे. चार महिने ते वस्तऱ्यांच्या खणात पडून होतं. ग्रॅव्हल मार्चमध्ये इथे येऊन गेला, तेही मी लपवलं. माझ्या खुर्चीत बसला, दाढी करून घेतली आणि म्हणाला, "दिलेल्या शब्दातून मला मोकळं कर." मी त्याला मोकळं केलं नाही. त्याला तुझी कार्डं माहीत होती, मला तुझा स्वभाव माहीत होता. मी माझ्या भीतीला निवडलं आणि तुला ज्याच्यावर ओरडायचं होतं त्या जागी त्याला उभं राहू दिलं.

तू अल्बम मोडला नाहीस. मी मोडला.

तू बोलणार नाहीस, ते मला मान्य आहे. फक्त माझ्या आईच्या स्मृतिदिनाला चर्चमध्ये फुलं पाठवायची असतात, ती तुझ्या नावाने मी पाठवत जाईन, तेवढं थांबवू नकोस.

वेन्डेल

—

ब्राँक्स, ९ जून २०१८

वेन्डेल मेब्री,

नववं खोकं. वर पपांच्या अक्षरात 'पुस्तकं, वापरलेली आणि कोरी'. एक कोरं पावतीपुस्तक हातात घेतलं, सहज, जुना वास येतो का बघायला. वास येत होता. आणि मग मला तुझं एप्रिलचं पत्र आठवलं. अठरावीला जागा नसेल, म्हणालास.

मी पेन्सिल घेऊन रेघा मोजल्या. सोळा रेघा कपड्यांसाठी. पँट, शर्ट, पडदे. आणि सगळ्यात खाली एक जाड रेघ, तिच्या डाव्या टोकाला बारीक अक्षरात: 'पावती हरवल्यास ग्राहकाची सही'. सतरा.

मी खोक्यांच्या मधे जमिनीवर बसले आणि ते अख्खं कडवं मोठ्याने म्हटलं, रेघेवर बोट ठेवून. एक रेघ, एक ओळ. सोळाव्या रेघेवर क्लिफची गोष्ट संपते. आणि सहीच्या रेघेवर बोट आलं तेव्हा मी म्हणत होते, पावती त्याच्या खिशात आहे, कोट त्यालाच द्या.

वीस वर्षं त्या ओळीवर भांडणाऱ्या शंभर लोकांत हे पुस्तक एकाच्याच गल्ल्यावर असायचं. पपा गाणी लिहीत नसत.

माझं तुला काही सांगायचं आहे. पण आज नाही. आज मी इतकी चिडले आहे की पेन्सिल मोडली.

रोझलिन टेटम

—

ब्राँक्स, २४ जून २०१८

वेन्डेल,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं मंगळवारी आलं. ते माझं पत्र वाचून लिहिलेलं असतं तर मी तुला माफ करायला सहा महिने घेतले असते. पण मला कळलं त्याच दिवशी तू स्वतःहून लिहिलं होतंस, तारीख मी तीनदा तपासली. म्हणून दोन आठवडे पुरले.

त्यातला पहिला आठवडा मी कोणाशी बोलले नाही, प्रवाशांशीसुद्धा. राग कसला होता ते सांगते. सव्वीस वर्षं तू माझ्या टेबलाशी बसून माझी रताळ्याची पेस्ट्री खाल्लीस आणि मी तुला सांगत राहिले की ग्रॅव्हलला माणसाचं दुःख कसं कळतं. तू मान हलवत होतास. आणखी वाढू का विचारलं तर ताट पुढे करत होतास. त्या प्रत्येक पेस्ट्रीचा राग आला.

मग तुझं फेब्रुवारीचं पत्र पुन्हा वाचलं, आणि 'आपला वेन्डेलच होता' इथे येऊन थांबले. आता खरं बोलते, कारण तूही बोललास. तेव्हा तू सांगितलं असतंस तर मी तुझ्या पाठीवर थाप मारली असती आणि चार दिवसांत विसरले असते. परक्याने पाहिलं याचंच मला अप्रूप होतं. घरातल्याने पाहिलं तर त्यात काय, असं माझ्या मनात आलं असतं. तू मला बरोबर ओळखलंस, आणि त्याचीच मला लाज वाटते. तू माझ्या शेजारी उभा होतास आणि मी गर्दीत शोधत होते.

भावाच्या खिशात हात घातला असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. त्या खिशाकडे बघून मान वळवणारा तू एकटाच होतास.

आता कामाचं. गेल्या बुधवारी मी माउंट व्हर्ननला डीकनच्या चर्चमध्ये गेले. तळघरात मासे तळायचा कार्यक्रम होता, तिथे त्याला गाठलं, त्याच्या हातात चिमटा असतानाच. सगळं सांगितलं: कार्डं, पावती, सहीची रेघ. तो म्हणाला, बाई, लोक आम्हाला हसतील. मी म्हणाले, "डीकन, तुम्ही दर रविवारी लोकांना कबुली द्यायला सांगता. चिमटा खाली ठेवा आणि ऐका." त्याने ठेवला. मासे थोडे करपले. तो तयार आहे. नीडलने त्याच दिवशी ग्रॅव्हलला फोन लावला आणि डीकन त्याच्याशी स्वतः बोलला, मधे पोस्टमन न घालता. ग्रॅव्हल कडवं म्हणणार, सतराच्या सतरा ओळी, आणि खाली लेखकाचं नाव छापणार. राहिलंय फक्त ते नाव.

ओपलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सव्वीस वर्षांपूर्वीच वाटलं होतं. असा गप्प माणूस रिकामा नसतो." मग ती हसली. मी स्वतः पाहिलं. फेल्टन आता डेपोत ओपेरा गातो आणि आम्ही सगळे त्याला थांबायला सांगतो.

या पत्राबरोबर एक मोठं पार्सल आहे. त्यात क्लिफचा कोट आहे, उंटाच्या रंगाचा, पपांनी धुतलेला, त्यांच्याच प्लास्टिकमध्ये. कोट त्यालाच द्या असं तू लिहिलंस आणि आम्ही सगळ्यांनी ते पाळलं. पपांनी दुकान विकलं तरी कोट विकला नाही. पण क्लिफ यायचा नाही, वेन्डेल. आणि तुझे खांदे त्याच्याएवढेच आहेत.

पाटी अजून लागू आहे. पावती नाही तर कपडा नाही. मूळ पावती कुठे आहे ते आपल्या दोघांना माहीत आहे. पावती हरवली तर काय करायचं हेही दुकानात ठरलेलं होतं. म्हणून पपांच्या पुस्तकातला एक कोरा कागद आत ठेवला आहे. सही केलीस तर मी तो कागद ग्रॅव्हलला दाखवीन आणि नाव छापलं जाईल. सही नाही केलीस तरी कोट तुझाच, आणि हा विषय मी पुन्हा काढणार नाही. मी बोलले की करते, हे तू लिहिलंच आहेस.

बोलायला लागणार नाही. नुसतं लिहायचं आहे.

रॉझ

—

(छापील पावती. टेटम क्लीनर्स, व्हाइट प्लेन्स रोड, ब्राँक्स. पावती नाही तर कपडा नाही.)

दिनांक: २ जुलै २०१८

१. पुरुषाचा कोट, उंटाच्या रंगाचा, एक. मिळाला. खांद्यांत बसतो.

(पुढच्या पंधरा रेघा कोऱ्या.)

पावती हरवल्यास ग्राहकाची सही: वेन्डेल मेब्री